कापगते मॅडम आणि त्यांची आंतरराष्ट्रीय गेडी

स्पर्धा भरवायला काय लागतं? मैदान, चुना, शिट्टी, मंडप आणि परवानग्या. स्पर्धा संपली की मंडप निघतो, चुना पावसात जातो आणि परवानग्यांचे कागद कपाटात जातात. उरतात फक्त किस्से! आमच्याकडे ते इतके साठलेत की आम्ही जुने लोक चहाला बसलो की कुठला किस्सा कोणी सांगायचा यावरूनच आधी भांडण होतं. मी गुणलेखक आहे. समोर घडलेलं लिहून ठेवायची मला सवय आहे, म्हणून आज मीच सांगतो.

कापगते मॅडम भिलाईत आमच्या शाळेत पीटी शिकवायच्या. माहेर साकोलीकडचं, शेतीवाडीचं. सासरे इथल्या स्टील प्लांटमध्ये लागले आणि सगळं घर इकडचंच झालं. मी हटवार, त्याच शाळेत भूगोल शिकवतो.

आणि स्पर्धा गेडीची. दोन लांब बांबू, त्यांना गुडघ्याच्या उंचीवर काथ्याने बांधलेल्या दोन पट्ट्या, त्यांवर पाय ठेवायचे आणि चालायचं. हरेलीला, म्हणजे आपल्या आषाढ अमावास्येला, छत्तीसगडच्या खेड्यांतली पोरं गेडीवर चढतात ती महिनाभराने पोळ्यालाच उतरतात. चिखल खाली आणि पोरं वर! त्या गेडीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा या बाईंनी काढली. का काढली, हे मात्र मला पुष्कळ वर्षं कळत नव्हतं.

* * *

सुरुवात माझ्याच तोंडाने झाली.

मधल्या सुट्टीत मॅडमनी विचारलं, "सर, आपल्या इकडे सोडून गेडी आणखी कोठी कोठी चालते?"

भूगोलाच्या मास्तराला 'माहीत नाही' म्हणणं फार जड जातं. कुठेतरी वाचलेलं मी थाटात सांगून टाकलं, "जपानमध्ये चालते, बेल्जियममध्ये चालते."

मॅडमनी वही काढली. "पत्ते सांगा."

मला वाटलं गंमत चाललीय. पण पुढचे चार महिने बाई रोज शाळा सुटल्यावर कॉम्प्युटर लॅबमध्ये! दिसेल त्या परदेशी शाळेला ईमेल, सोबत गेडीवरच्या पोरांचा फोटो. उत्तर एकाचंही नाही. तरी इकडे कापडी फलक रंगवून तयार झाला, 'आंतरराष्ट्रीय गेडी स्पर्धा, भिलाई'.

प्राचार्यांनी फलक बघितला आणि मॅडमना बोलावून घेतलं. "मैडम, कितने देश आ रहे हैं?"

"एक तो पक्का है, सर."

"कौन सा?"

"अपना. बाकी आ रहे हैं!"

महिनाभरात दोन उत्तरं आली आणि पाहुणेही आले की! नेपाळच्या एका शाळेची सहा मुलं आली. जपानहून एक निवृत्त शिक्षक आले, एकटेच, कापडी पिशवीत स्वतःचे दोन बांबू घेऊन. दुर्ग स्टेशनवर त्यांना उतरवून घेताना मॅडम मला म्हणाल्या, "सर, लिवा. देश तीन."

* * *

आता बिसाहू बबांची ओळख करून द्यायला हवी, कारण त्यांच्याशिवाय यातला एकही किस्सा पुढे जात नाही.

उतईच्या पुढे एक लहान गाव आहे. तिथे गेडी बांधणारे हे आजोबा. इकडे आजोबाला बबा म्हणतात आणि पोरीला नोनी. ते छत्तीसगढीत बोलतात, मी आपल्या घरच्या बोलीत सांगतो. त्यांनी मारलेली गाठ सुटत नाही अशी त्यांची ख्याती. स्पर्धेच्या सगळ्या गेड्या पहिल्यापासून त्यांच्याच हातच्या. त्यांच्या गावची पोरं गेडीवर पळतात, नाचतात, एका बांबूवर उड्या मारतात. अशी टीम मी दुसरी पाहिलेली नाही.

पण ती टीम आमच्या मैदानात कधी उतरलीच नाही!

कारण मॅडमचा नियम क्रमांक एक. टीममध्ये जितके मुलगे तितक्याच मुली. मुली नसतील तर टीम बाद, मग ती टोकियोची असो की उतईची.

बबांना हे मान्य नव्हतं. "पोरीइनं गेडीवर चढू नाही, मॅडम. आमच्याकडे चालत नाही. पोरगी वर चढली की तिले कुंपणाच्या पल्याडचं दिसते."

मॅडम म्हणाल्या, "तेच तर पाहिजे ना, बबा!"

दरवर्षी त्या गावात जायच्या आणि दरवर्षी विचारायच्या. बबा चहा पाजायचे, गेड्या द्यायचे आणि नाही म्हणायचे. जपान आलं, नेपाळ आलं, पुढे बेल्जियम आलं. पंधरा-वीस किलोमीटरवरचं गाव तेवढं यायचं राहिलं. मॅडमच्या मनाला हे फार लागलेलं होतं. माझ्याजवळ त्या एवढंच म्हणायच्या, "रिटायर होयाच्या आधी त्या गावच्या पोरी मैदानात पाहिजेत, सर. बाकी मले काही नको."

* * *

दुसऱ्या वर्षी आमच्या पालकांना जोर चढला. निम्मे पालक प्लांटमधले. त्यांचे पुढारी शेंडे भाऊ, क्रेन चालवायचे.

"मॅडम, बांबू कावून? स्टीलच्या गावात राहून आपण बांबूवर चालाचं? लोक हासतीन ना!"

भिलाईतल्याच सुपेल्यात एका ओळखीच्या वेल्डरकडे काम सुरू झालं. पाइप कापले, पट्ट्या वेल्ड केल्या, पिवळा रंग दिला, नंबर ठोकले. पट्टीवर सिमेंटची दोन पोती ठेवून लोड टेस्टसुद्धा झाली. मग ती जोडी मैदानात आली. आणायला दोन बाप लागले.

सहावीतली एक मुलगी पुढे झाली. चढली बिचारी. पण पाय उचलायचा म्हणजे पाइप उचलायचा! तिने दात-ओठ खाल्ले, लाल झाली, गेडी काही जमीन सोडेना. सगळे बाप वाकून पाइपाकडे बघतायत.

शेंडे भाऊंनी वेल्डिंगवर हात फिरवला आणि निकाल दिला, "मटेरियल एकदम पास आहे, मॅडम. पोट्टीच कमी पडून राहिली!"

आमच्या व्हॉलीबॉलची जाळी आजही त्याच गेड्यांना बांधलेली आहे.

* * *

हेच शेंडे भाऊ आमचे मुख्य पंच. बाकीचे पंचही प्लांटमधलेच, त्यामुळे पंचांच्या ड्युट्यासुद्धा शिफ्टप्रमाणे लागायच्या. सकाळी ए शिफ्ट, दुपारी दोननंतर बी.

आमच्याकडे 'टिकाव' नावाचा एक प्रकार आहे. सगळ्यांनी एकाच वेळी चढायचं, जो शेवटपर्यंत वर राहील तो जिंकला. त्या वर्षी दोघीच उरल्या होत्या, नेपाळची एक मुलगी आणि राजनांदगावची एक. दोघी घामाघूम, मैदान श्वास रोखून बसलेलं, आणि घड्याळात दोनला दहा कमी.

बी शिफ्टचे पंच डबा-बाटली घेऊन हजर झाले. शेंडे भाऊंनी शिट्टी गळ्यातून काढली आणि रीतसर चार्ज द्यायला लागले. "दोन खेळाडू चालू हालतमध्ये आहेत. नेपाळवालीची उजवी गाठ थोडी ढिली, नजर ठेवजा. बाकी सब नॉर्मल." रजिस्टरवर दोघांच्या सह्या झाल्या. त्या दोन मुली वर डुलतायत!

नेपाळच्या शिक्षकांनी हे बघितलं आणि मॅडमना हळूच विचारलं, "ये इंटरनेशनल रूल है क्या?"

मॅडमनी पापणीही हलवली नाही. "हाँ, नियम चौदह."

त्या वेळी नियम तेराच होते. चौदावा मी संध्याकाळी लिहून काढला. बदली पंच आल्याशिवाय पंचाने मैदान सोडू नये. तो आजही आहे आणि बेल्जियमवाले तो काटेकोर पाळतात. एका वर्षी बदली पंच आलाच नाही. शेंडे भाऊ दोन्ही शिफ्टमध्ये उभे राहिले आणि शेवटच्या शिट्टीनंतर सरळ मॅडमच्या टेबलाशी आले.

"डबल झाली माझी, मॅडम. बदली सुट्टी कोन्त्या दिवशी घेऊ?"

* * *

सुरुवातीला आम्ही स्पर्धा पोळ्यानंतर आठ दिवसांनी ठेवायचो. एवढी शिकलेली माणसं आम्ही, पण एक गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेड्या तळ्यात बुडवायची इकडची पद्धत आहे. मोसम संपला, गेडीला निरोप. एका वर्षी स्पर्धेच्या सगळ्या जोड्या पोळ्याआधीच तयार होऊन बबांच्या ओसरीत रचून ठेवलेल्या. गावच्या पोरांनी मोठ्या भक्तिभावाने स्वतःच्या गेड्यांबरोबर त्याही नेऊन बुडवल्या!

बातमी आली तेव्हा मॅडम मटकन खालीच बसल्या. जपानी सर आलेले होते, तेही आमच्याबरोबर तळ्यावर आले. बघतो तर पाणीभर बांबू तरंगतायत.

"बबा, काढता येतीन काय?"

बबांनी बराच विचार केला. "बुडवलेली गेडी वापस घेत नाही. पण ह्या पोरा-सोराइनं बुडवल्या, मी नाही. चाला, काढा."

दुसऱ्या दिवशी एक एक जोडी तपासली. ओला काथ्या फुगून, सुकून असा आवळला होता की त्या वर्षी एकाही खेळाडूची पट्टी घसरली नाही. बबा खूश! जपानी सरांना वाटलं हे सगळं ठरवून केलंय. त्यांनी वही काढली आणि फोनवर भाषांतर करत एक एक विचारायला सुरुवात केली. किती तास बुडवायचं? पाणी कुठलं? किती खोल? बबा उत्तरं देऊन देऊन कंटाळले आणि शेवटी म्हणाले, "त्याइले सांगा, पाण्यात बेंडूक पाहिजे. नाहीतर गाठ आवळत नाही."

हेही वहीत गेलं.

पुढच्या वर्षी सर आले ते फोटो घेऊन. त्यांच्या गावची शाळा, अंगणात मोठा टब, टबात बांबू, भोवती ओळीने उभी मुलं. आणि काठावर एक बेडूक! फोटो हातोहात फिरला, आम्ही हसून बेजार. बबांनी मात्र तो उन्हात धरून नीट बघितला.

"बेंडूक लहान आहे," ते म्हणाले.

* * *

बेल्जियमची टीम पहिल्यांदा आली तेव्हा मैदान बघतच राहिलं. त्यांच्या गेड्या म्हणजे काय! गुळगुळीत लाकूड, पायाला पट्टे, खाली रबर. त्यांचे प्रशिक्षक सहा फुटांच्या वर, ते गेडीवर चढले की थेट मंडपाच्या कनातीवरून बघायचे. टीम मैदानाला फेरी मारून गेली, टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांत.

बबा पाहुण्यांच्या खुर्चीतून उठले. "थांबवा. हे चालून नाही राहिले."

"चालले ना बबा, पुरी फेरी झाली," मी म्हणालो.

"मंग आवाज कोठी आहे?"

इकडे गेडी वाजली पाहिजे. काथ्याच्या गाठीवर पोरं मुद्दाम रॉकेल सोडतात, मग प्रत्येक पावलाला रच-रच असा आवाज निघतो. जितका आवाज मोठा तितका चालणाऱ्याचा तोरा मोठा. मॅडमनी जमेल तशा इंग्रजीत प्रशिक्षकांना हे सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. तो आवाज घालवण्यासाठी ते दहा वर्षं खटपट करत होते!

बबांनी त्यांना उभं केलं, त्यांच्या गुडघ्याला बांबू लावून माप घेतलं आणि तिथल्या तिथे एक जोडी बांधून रॉकेल टाकून दिली. प्रशिक्षक चढले. पहिलं पाऊल, रच! दुसरं, रच! मग तो उंचच्या उंच माणूस जो सुटला तो मैदानाच्या चार फेऱ्या मारूनच उतरला. त्यांचीच पोरं मागून ओरडत पळतायत, आता उतरा म्हणून. मग ते मॅडमजवळ आले आणि धापा टाकत म्हणाले, "आमच्या आजोबांच्या गेड्या अशाच वाजायच्या. आम्ही सुधारणा केल्या."

* * *

मॅडमनी हे सगळं का काढलं? मी ऐकलेली उत्तरं अशी. वार्ताहराला सांगितलं, लोककला टिकावी म्हणून. प्राचार्यांना सांगितलं, शाळेचं नाव व्हावं म्हणून. जपानी सरांना सांगितलं, मैत्री वाढावी म्हणून. मला एकही पटलं नव्हतं. शिवाय एक गोष्ट मला कायम खटकायची. या बाईंना गेडीवर उभं राहिलेलं आम्ही कोणीच कधी पाहिलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी त्यांच्या जुनवानीच्या घरी पदकांना रिबिनी ओवत बसलो होतो. मी विचारूनच टाकलं, "मॅडम, खरंखरं सांगा. कावून सुरू केलं हे?"

त्यांनी हातातली रिबीन ओवून संपवली. मग म्हणाल्या, "आमच्या साकोलीकडेही गेडी चालते. माझा भाऊ चालायचा. पाणी प्यायले उतरला की गेडी माझ्या हातात द्यायचा. मी दोन्ही बांबू धरून उभी. बस, तेवढंच. चढायचं मनात आलं की आई कोठून तरी पाहूनच राहायची."

"मंग आता चढा ना! आता कोन पाहते?"

"गुडघे पाह्यले का माझे?" त्या हसल्या. मग हसू गेलं. "अन् भेव वाटते, सर."

"पडायचं?"

"नाही. चढली अन् आवडलं तर? एवढी वर्षं कोठून वापस आणू?"

मला फार वाईट वाटलं. मी पुढची रिबीन उचलली.

* * *

आणि हा त्यांच्या शेवटच्या स्पर्धेचा किस्सा. त्यानंतरच्या महिन्यात त्या रिटायर होणार होत्या.

उद्घाटनाच्या सकाळी एक पिकअप मैदानात शिरली. त्यात बबा, त्यांच्या गावचे सहा मुलगे, सगळ्यांच्या गेड्या आणि कोपऱ्यात बसलेली बबांची नात दुलारी, बारा-तेरा वर्षांची. ती फक्त बघायला आली होती.

"तुमचं शेवटचं वर्ष," बबा म्हणाले. "म्हणून टीम आणली. घ्या."

मॅडमनी गाडीत डोकावून बघितलं. "पोरी?"

"पोरी नाहीत."

"मंग नाही घेता येत, बबा." मॅडम म्हणाल्या. इतकी वर्षं ज्या टीमची वाट बघितली ती दारात उभी आणि बाई तिला परत पाठवत होत्या.

बबांना राग आला. सगळ्यांसमोर, चार देशांच्या पाहुण्यांसमोर ते मोठ्याने बोलले, "दुनियाभरच्या पोरी चढवल्या तुम्ही. सवता कधी चढल्या काय? नाही ना? मंग दुसऱ्याइच्या पोरीइले कावून सांगता?"

पाहुणे भाषांतरासाठी माझ्याकडे बघायला लागले. मॅडम बबांकडे.

"तुम्ही चढा," बबा म्हणाले. "मंग माझी नात चढन. आज, इथीच."

मला वाटलं आता या हसून विषय बदलतील. मॅडमनी शिट्टी काढून माझ्या हातात दिली. बूट काढले. साडीवरच्या ट्रॅकसूटच्या जॅकेटखाली पदर खोचला आणि पिकअपमधली एक जोडी ओढली. शेंडे भाऊ धावले, "धरू काय, मॅडम?"

"हात नका लावू."

दोनदा पाय घसरला. तिसऱ्यांदा चढल्या. एक पाऊल. दुसरं. तिसरं. आणि चौथ्याला बाई बांबूसकट धाडकन खाली!

सगळे धावलो. धुळीत बसलेल्या, मनगट सुजायला लागलेलं, केस सुटलेले. आणि चेहरा असा उजळलेला की वीस वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"सर, पावलं किती?"

"तीन."

"लिवा! अन् बबांच्या नातीचं नाव लिवा, जोडीला एक पोरगा, नियम क्रमांक एक. चढायचं ठरलं होतं. न पडायचं ठरलं नव्हतं!"

बेल्जियमच्या प्रशिक्षकांनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्या मैदानाने. बबा तेवढे तसेच उभे. मग नातीकडे न बघताच म्हणाले, "जाय."

दुलारी खाली उतरली. जिना चढावा तशी गेडीवर चढली. सरळ गेली, वळली, उलटी चालत आली, मग एक बांबू खांद्यावर टाकून दुसऱ्यावर उड्या मारत निघाली. टाळ्या थांबल्या. जपानी सरांची वही उघडी, पेन हवेत. मॅडम मनगट धरून धुळीतच बसून बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मी प्रवेशिका घेऊन बबांकडे गेलो. त्यात एक रकाना असतो, खेळाचा अनुभव. "बबा, कधीपासून चालून राहिली ही?"

"मले काय विचारता?" बबा म्हणाले. "मी तर आज पहिल्यांदाच पाहून राहिलो."

नजर मात्र पोरीवरून हलली नव्हती. ती मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात वळायला लागली तशी त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडले,

"ए नोनी, डावा पाय सांभाळ ना! वळताना नेहमी तिकडेच झुकते तू!"